वर्गीकरण बुडाले, शब्द तरले

1790 साली लंडनच्या मेडिकल सोसायटीने रॉबर्ट विलन या तिशीतल्या डॉक्टरला फॉदरगिल सुवर्णपदक दिले. त्याने कोणते नवे औषध शोधले नव्हते की अवघड शस्त्रक्रिया केली नव्हती. त्वचारोगांची एक वर्गवारी त्याने मांडली होती, तिच्यासाठी हे पदक होते. ती वर्गवारी आज कोणी वापरत नाही. तिच्यातले कित्येक रोग भलत्याच घरात बसवले गेले होते, हे एकोणिसावे शतक निम्मे सरायच्या आतच उघड झाले. तरीही आज कुठल्याही रुग्णालयातल्या त्वचारोग विभागात केसपेपर उघडला, तर पहिल्या दोन-तीन ओळींत मॅक्यूल, पॅप्यूल, व्हेसिकल, पस्ट्यूल, बुला, स्केल हे शब्द सापडतात आणि त्यांचे आजचे अर्थ बव्हंशी विलनच्याच हातून घट्ट झालेले आहेत. इमारत पडली आणि विटा मात्र शाबूत राहिल्या, असे विज्ञानाच्या इतिहासात वारंवार घडत नाही. इथे ते का घडले, हा या लेखाचा प्रश्न आहे. माझे उत्तर असे की या शब्दांनी रोगाच्या कारणाविषयी मुद्दाम मौन पाळले. डोळ्यांना काय दिसते आणि बोटाला काय लागते एवढेच सांगायचे, त्यापुढे एक अक्षर बोलायचे नाही, ही शिस्त त्यांनी सांभाळली. त्यामुळे कारणांचे सिद्धांत येत-जात राहिले तरी शब्दांना धक्का लागला नाही. विलनने स्वतः जिथे ही शिस्त मोडली, तिथेच तो फसला.

त्याच्याआधी त्वचेविषयी कोणी लिहिलेच नव्हते, असे नाही. इटलीतल्या जिरोलामो मर्क्युरियालेचे त्वचारोगांवरचे पुस्तक 1572 सालचे आहे आणि लंडनच्या डॅनियल टर्नरचे 1714 सालचे. पण मर्क्युरियालेने रोगांची वाटणी केली ती डोक्यावरचे आणि उरलेल्या अंगावरचे अशी. त्याच्या मागे उभा होता तो शरीरातल्या चार रसांचा सिद्धांत. त्या हिशेबाने कातडी ही आतला बिघाड बाहेर टाकण्याची वाट, म्हणून तिच्यावर उठलेल्या पुरळाला स्वतःचे असे फारसे मोल नव्हते. आपल्याकडे चरकसंहितेने कुष्ठाचे अठरा प्रकार सांगितले. त्यांतल्या सात महाकुष्ठांची वर्णने आजही वाचणाऱ्याला चकित करतात: कपाल म्हणजे खापरासारखे, औदुंबर म्हणजे पिकल्या उंबरासारखे, ऋष्यजिव्ह म्हणजे हरणाच्या जिभेसारखे खरखरीत, काकणक म्हणजे गुंजेसारखे. या वैद्यांचे निरीक्षण कच्चे होते असे कोणी म्हणू नये. अडचण निरीक्षणाची नव्हती, ते साठवायच्या पद्धतीची होती. संपूर्ण रोगाचे एकसंध चित्र एका उपमेत बांधले की ती उपमा जाणणाऱ्याला रोग ओळखता येतो. पण दोन रोगांमध्ये नेमके कोणते अंग समान आणि कोणते वेगळे, हे सांगता येत नाही. उंबर आणि गुंज दोन्ही लाल. मग फरक रंगाच्या छटेचा, आकाराचा, की आत काय भरले आहे त्याचा? उपमा याचे उत्तर देत नाही, कारण तिचे भाग सुटे करता येत नाहीत.

सुटे भाग करण्याचे पहिले मोठे काम योसेफ याकोब प्लेंक या शल्यवैद्याने केले. 1776 साली व्हिएन्नात छापलेल्या त्याच्या लॅटिन पुस्तकात त्वचारोगांचे चौदा वर्ग आहेत आणि वर्गांची नावे रोगांची नाहीत. ती आहेत डाग, पुळ्या, पाण्याच्या पुटकुळ्या, मोठे फोड, खपल्या, खवले, घट्टे, व्रण यांची. प्लेंक औषधी वनस्पतींचाही अभ्यासक होता आणि या कल्पनेची मुळे वनस्पतिशास्त्रात स्पष्ट दिसतात. लिनियसने फुलांची वर्गवारी पुंकेसर आणि स्त्रीकेसर मोजून केली होती. ते झाड कुठून आले किंवा कशाला उपयोगी पडते, या प्रश्नांना त्याने वर्गवारीत शिरकाव करू दिला नाही. प्लेंकने हाच हिशेब कातडीला लावला. त्याच्या चौदा वर्गांत जखमा, नखांचे रोग, केसांचे रोग आणि चक्क किडे असेही वर्ग आहेत. म्हणजे काही वर्ग दिसण्यावरून, काही जागेवरून आणि एक तर सरळ कारणावरून पाडलेला. घर बांधायला घेतले, पण सगळ्या भिंती एकाच ओळंब्यात आल्या नाहीत.

विलनने त्या सरळ केल्या. तो यॉर्कशरमधल्या क्वेकर घराण्यातला, एडिंबरोचा पदवीधर. 1783 पासून तो लंडनच्या केअरी स्ट्रीटवरच्या पब्लिक डिस्पेन्सरीत होता. हा धर्मार्थ दवाखाना होता, तिथे येणारे रुग्ण शहरातले अगदी गरीब लोक. लंडनच्या रोगराईवरच्या 1801 सालच्या त्याच्या पुस्तकात त्या वस्तीचे वर्णन आहे: एकाच बिछान्यात तीनपासून आठपर्यंत माणसे झोपलेली आणि त्यावरची चादर वर्षातून तीनदासुद्धा न बदललेली. त्वचारोगाला याहून सुपीक जमीन कोणती? श्रीमंतांच्या घरी जाणाऱ्या डॉक्टरला वर्षाकाठी जेवढे पुरळ दिसे, तेवढे विलनला आठवड्यात दिसत असणार. शिवाय धर्मार्थ दवाखान्यातला रुग्ण पुन्हा पुन्हा येई, आणि त्यामुळे तेच पुरळ चौथ्या दिवशी आणि दहाव्या दिवशी कसे दिसते, हे पाहायला मिळे. विलनच्या शब्दांची धार या दोन गोष्टींतून आली असे मला वाटते: रुग्णांची गर्दी आणि त्यांचे परत येणे. नुसत्या ग्रंथालयात बसून हे काम झाले नसते, जरी त्याने जुने ग्रीक, लॅटिन आणि अरबी वैद्यकाचे ग्रंथ बारकाईने चाळले होते.

1798 पासून त्याचे पुस्तक भागाभागांनी निघू लागले आणि 1808 पर्यंत त्याचा पहिला खंड पुरा झाला. वर्ग आठ: पॅप्यूल, खवले, अंगभर उठणारे लाल पुरळ, मोठे फोड, पुवाच्या पुळ्या, पाण्याच्या पुटकुळ्या, गाठी आणि डाग. प्रत्येक वर्गाची व्याख्या सुरुवातीलाच दिलेली आणि सोबत रंगीत चित्रे. या व्याख्यांकडे जवळून पाहिले तर त्या मोजक्या प्रश्नांवर उभ्या आहेत, हे ध्यानात येते. डोळे मिटून बोट फिरवले तर काही लागते का? लागत नसेल आणि फक्त रंग बदललेला असेल, तर तो मॅक्यूल, आपल्या बोलीतला डाग. लागत असेल तर ते भरीव आहे की आत पातळ काही आहे? भरीव आणि लहान असेल तर पॅप्यूल. आत पाणी असेल आणि आकार लहान असेल तर व्हेसिकल. तोच मोठा झाला तर बुला. आत पू असेल तर पस्ट्यूल. वरचा थर सुकून कोंड्यासारखा सुटत असेल तर स्केल. पाझरलेला द्रव वाळून चिकटला असेल तर क्रस्ट, म्हणजे खपली. क्षणात उठून काही तासांत मागमूस न ठेवता जाणारी, कडांना लाल आणि मधे फिकी अशी फुगवटी असेल तर ती व्हील, मराठीत गांध. प्रश्न पाच-सहाच, त्यांची उत्तरे द्यायला सूक्ष्मदर्शक लागत नाही आणि त्यांतला एकही प्रश्न हे कशामुळे झाले, असे विचारत नाही.

एवढ्या साध्या शब्दांनी काय साधते, अशी शंका रास्त आहे. पुळीला पुळी म्हणायला डॉक्टर कशाला हवा? मराठीतच पुळी, पुटकुळी, फोड, गळू, चट्टा, पुरळ, घामोळे, गांध अशी भरपूर शब्दसंपत्ती आहे आणि घरातली म्हातारी माणसे ती अचूक वापरतात. शंकेचे उत्तर देवी आणि कांजिण्या या दोन रोगांच्या इतिहासात आहे. शतकानुशतके युरोपातले डॉक्टर कांजिण्यांना देवीचाच सौम्य अवतार समजत आले. लंडनच्या विल्यम हेबर्डनने 1767 साली दोन्ही रोग वेगळे असल्याचे ठामपणे मांडले, तेव्हा त्याच्यापाशी जंतूचे ज्ञान नव्हते, प्रयोगशाळा नव्हती. त्याच्यापाशी पुळीचे चरित्र होते. देवीची पुळी डागापासून सुरू होते, भरीव पॅप्यूल होते, मग पाणी भरते, मग पू, मग खपली आणि शेवटी खोल वण. या प्रवासाला दोनेक आठवडे किंवा अधिकही लागतात आणि शरीराच्या एका भागावरच्या सगळ्या पुळ्या एकाच टप्प्यावर असतात. कांजिण्या एकदोन दिवसांत पाण्याने भरतात, लाटांमागून लाटा येतात, म्हणून एकाच पोटावर डाग, पाण्याची पुटकुळी आणि खपली शेजारी शेजारी दिसतात. देवीचे पुरळ चेहऱ्यावर आणि हातापायांवर दाट, कांजिण्यांचे धडावर. हा फरक सांगायला टप्प्याटप्प्याचे शब्द लागतात. अंगावर फोड आले आहेत, एवढ्याने भागत नाही. 1970 च्या दशकात देवी निर्मूलनाचे कार्यकर्ते ओळखचित्रे घेऊन भारतात घरोघर फिरले, तेव्हा संशयित रुग्ण देवीचा की कांजिण्यांचा, हे ते बहुतांशी याच खुणांवरून ठरवत. भारतातला शेवटचा रुग्ण मे 1975 मध्ये सापडला. श्रेय अर्थातच लशीचे आणि शोधमोहिमेचे. पण कोणत्या घराभोवती लस टोचायची, हे ठरले ते पुळीच्या वर्णनावरून.

विलनला सर्वांत जोरकस विरोध झाला तो पॅरिसमध्ये. सेंट लुई रुग्णालय चौथ्या हेन्रीच्या काळात, 1607 साली, साथीच्या रोग्यांसाठी उभे राहिले होते. 1801 पासून तिथे जाँ-लुई अलिबेर होता. माणूस मोठा वक्ता, नाट्याची आवड असलेला. रुग्णालयाच्या आवारात लिंडनच्या झाडांखाली तो व्याख्याने देई आणि ऐकायला शहरातले प्रतिष्ठित लोकही येत. अलिबेरचे म्हणणे असे की बाह्य रूपावरून रोगांची वाटणी करणे म्हणजे रोगाचा अपमान. एकाच रोगात आज पाण्याची पुटकुळी दिसते, उद्या खपली, परवा नुसता डाग. मग तो रोग तीन वर्गांत टाकायचा काय? रोगाचा सारा जीवनक्रम, कारण, उपचारांना मिळणारा प्रतिसाद, सगळे जमेस धरून कुळे पाडली पाहिजेत. 1829 साली त्याने त्वचारोगांचा वृक्षच चितारून लोकांपुढे मांडला: एक खोड, त्याला फांद्या, फांद्यांना डहाळ्या आणि डहाळ्यांवर रोग. आक्षेप म्हणून पाहिला तर अलिबेरचा मुद्दा खराच होता, हे मान्य केले पाहिजे. अलीकडची त्वचारोगांची पाठ्यपुस्तके उघडली तर प्रकरणांची मांडणी विलनपेक्षा अलिबेरच्या कल्पनेला जवळची आहे: जंतुजन्य, बुरशीजन्य, प्रतिकारशक्तीच्या बिघाडातून होणारे, अर्बुदे. पण त्याच्या वृक्षाखाली शिकलेल्या विद्यार्थ्यापुढे नवा रुग्ण बसला की त्याची पंचाईत होई. कुळ ठरवायला कारण माहीत हवे, आणि 1829 साली बहुतेक रोगांचे कारण कोणालाच माहीत नव्हते. त्याचाच सहकारी, जन्माने स्विस असलेला लोराँ बिएत, 1816 च्या सुमारास लंडनला गेला आणि विलनचा शिष्य थॉमस बेटमन याच्याकडून ती पद्धत शिकून आला. विलन तोवर निवर्तला होता. 1812 साली मदेरा बेटावर त्याचे निधन झाले आणि अपुरे राहिलेले काम बेटमनने 1813 सालच्या सुटसुटीत ग्रंथात पुरे केले. बिएत स्वतः फारसे लिहीत नसे, पण त्याच्या व्याख्यानांवरून काझनाव्ह आणि शेडेल या शिष्यांनी 1828 साली पुस्तक काढले आणि पॅरिस हळूहळू विलनच्या बाजूला झुकले. अलिबेर थोर निरीक्षक होता. व्रण बरा झाल्यावर खेकड्याच्या नांगीसारखी बाहेर पसरणारी जी गाठ येते तिला कीलॉइड हे नाव त्यानेच दिले आणि ते टिकले. झाड मात्र टिकले नाही.

आता विलनच्या चुकांकडे. त्याची सर्वांत महाग चूक लेप्रा या शब्दाची. ग्रीक वैद्य हा शब्द खवल्यांच्या रोगाला वापरत आणि ज्याला आपण महारोग म्हणतो, त्याला ते एलिफंटायसिस म्हणत. मध्ययुगात अरबी ग्रंथांची लॅटिन भाषांतरे झाली, तेव्हा ही नावे एकमेकांत मिसळली. विलन जुन्या ग्रीक अर्थाशी प्रामाणिक राहिला आणि खवल्यांच्या वर्गात त्याने लेप्रा आणि सोरायसिस असे दोन रोग शेजारी ठेवले. गोलाकार चट्टे असतील तर लेप्रा आणि वेडेवाकडे असतील तर सोरायसिस. वस्तुतः दोन्ही एकच रोग होते, आज ज्याला सोरायसिस म्हणतात तो. खरा महारोग मात्र त्याच्या व्यवस्थेत गाठींच्या वर्गात, एलिफंटायसिस या नावाने बसला. व्हिएन्नाच्या फर्डिनांड हेब्राने 1841 साली हा घोळ निस्तरला, तोवर कोणाच्या अंगावरच्या निरुपद्रवी खवल्यांना महारोगाचे नाव चिकटले असेल, त्याची गणती नाही. विलनच्या पद्धतीचे टीकाकार हा दाखला हमखास देतात. पण तो त्यांच्याच विरुद्ध जातो, असे मला वाटते. लेप्रा हे दिसण्याचे वर्णन नव्हते. ते रोगाचे नाव होते, आणि तेही पोथीतून आलेले. खवला, लाल तळ, स्पष्ट कडा हे विलनचे वर्णन आजही सोरायसिसला बिनचूक लागू पडते. वर्णन बरोबर आणि नाव चूक, म्हणून तर हेब्राला ते दुरुस्त करता आले. वर्णनच नसते, तर दुरुस्त करायला हाती काय होते?

महारोगाबाबत हे काम पुढे नेणाऱ्यांपैकी एक मुंबईत होता. हेन्री व्हँडाइक कार्टर हे नाव ग्रेच्या शरीररचनाशास्त्राच्या सुप्रसिद्ध ग्रंथातल्या चित्रांमुळे वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. चित्रे पुरी करून तो 1858 साली मुंबईला आला, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागला, पुढे काही वर्षे साताऱ्यालाही होता. 1874 साली प्रसिद्ध झालेल्या महारोगावरच्या त्याच्या ग्रंथात चट्ट्यांचा, बधिरतेचा आणि गाठींचा असे रोगाचे प्रकार वेगळे काढलेले आहेत आणि स्वतः चितारलेल्या आकृत्या आहेत. या रोगाने विलनच्या शब्दांत एक भर टाकायला लावली. महारोगाचा फिकट चट्टा डोळ्यांना इतर पाच-सहा फिकट चट्ट्यांसारखाच दिसतो; फरक पडतो तो त्यावर कापूस किंवा पिसाचे टोक फिरवल्यावर रुग्णाला ते कळते की नाही, यात. म्हणजे रुग्णाच्या संवेदनेलाही वर्णनात जागा द्यावी लागली. महाराष्ट्रातल्या आरोग्य कार्यकर्त्या आजही घरोघर फिरताना न खाजणारा, न दुखणारा, बधिर चट्टा विचारतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या नियमानुसार पाचपर्यंत चट्टे असतील तर रोगाचा एक गट आणि सहा महिन्यांचे औषध, पाचाहून अधिक असतील तर दुसरा गट आणि बारा महिने. जंतूचा शोध लागून दीडशे वर्षे होत आली, तरी इथे उपचारांची मुदत पहिल्यांदा ठरते ती डोळ्यांनी केलेल्या मोजणीवर.

विलनच्या शिस्तीविरुद्धचा सर्वांत बोचरा पुरावा खरजेचा आहे. विलनच्या व्यवस्थेत खरूज पुवाच्या पुळ्यांच्या वर्गात होती, कारण दवाखान्यात येणाऱ्या रुग्णाचे अंग खाजवून खाजवून पुळ्यांनी भरलेले असे. या रोगामागे एक सूक्ष्म किडा आहे, हे इटलीतल्या बोनोमोने 1687 सालीच लिहून ठेवले होते. पण किडा शोधणारे डॉक्टर तो पुळ्यांत आणि पुटकुळ्यांत शोधत, कारण डोळ्यांत भरणारी गोष्ट तीच होती. आणि तो तिथे सापडत नसे. 1812 साली सेंट लुई रुग्णालयातल्या गालेसने किडा सापडल्याचा दावा करून प्रबंध लिहिला. त्यातले चित्र चीजमध्ये होणाऱ्या किड्याचे होते, हे पुढे रास्पाय या संशोधकाने दाखवून दिले. लुगोल या डॉक्टरने किडा दाखवणाऱ्याला तीनशे फ्रँकचे बक्षीस लावले. शेवटी ऑगस्ट 1834 मध्ये रेनुच्ची नावाच्या कॉर्सिकाच्या विद्यार्थ्याने सगळ्यांसमोर टाचणीच्या टोकावर किडा काढून दाखवला. कॉर्सिकातल्या गरीब बायका हेच करतात, हे त्याने लहानपणापासून पाहिलेले होते. बोटांच्या बेचक्यात किंवा मनगटावर काही मिलिमीटर लांबीची एक बारीक, करडी रेघ असते. तिच्या एका टोकाला जेमतेम दिसणारा ठिपका असतो, आणि किडा त्या ठिपक्यात असतो. पुळीत तो नसतोच. दीडशे वर्षे डॉक्टर चुकीच्या जागी टाचणी खुपसत होते, कारण त्यांच्या शब्दांत त्या रेघेला जागा नव्हती. हा दोष मी मान्य करतो. मोजके शब्द डोळ्यांना शिस्त लावतात, तसे आंधळेही करतात. पण त्यावर इलाज काय झाला? त्या रेघेला बीळ या अर्थाचे नाव मिळाले, वर्णनाच्या यादीत आणखी एक शब्द आला, आणि खरजेचे निदान आज तोच शब्द धरून होते.

या प्रकरणातून निघालेला दुसरा धडा त्याहून मोठा ठरला. हेब्राला व्हिएन्नाच्या सरकारी रुग्णालयात नेमणूक मिळाली होती ती तिथल्या खरजेच्या वॉर्डात, म्हणजे ज्या कामाकडे कोणी महत्त्वाकांक्षी डॉक्टर फिरकत नसे तिथे. त्याने हजारो रुग्ण पाहिले, स्वतःच्या अंगावर किडे सोडून पाहिले आणि 1844 च्या सुमारास दाखवून दिले की किड्यामुळे होते ते थोडेच. बाकीचे ओरखडे, खपल्या, पुवाच्या पुळ्या ही सारी नखांची करणी आहे. म्हणजे अंगावर दिसणाऱ्या प्रत्येक खुणेला सारखा मान द्यायचा नाही. रोगाने स्वतः उठवलेली खूण कोणती आणि खाजवण्याने, उपचाराने किंवा काळाने वर चढवलेली कोणती, हे आधी वेगळे करायचे. प्राथमिक आणि दुय्यम अशी ही विभागणी आज विद्यार्थी पहिल्या आठवड्यात शिकतात: डाग, पॅप्यूल, पुटकुळी, फोड, गाठ, गांध प्राथमिक; खवले, खपली, ओरखडा, भेग, व्रण, वण दुय्यम. विलनचे शब्द एका पातळीवर अंथरलेले होते. हेब्राने त्यांच्यात काळ आणला. अलिबेरच्या आक्षेपाला खरे उत्तर इथे मिळाले. रोग आज एक रूप घेतो आणि उद्या दुसरे, हे खरे, पण त्याकरिता शब्द टाकून द्यावे लागत नाहीत. ते क्रमाने लावावे लागतात.

हेब्राने 1845 साली रोगांची वर्गवारी विकृतिशास्त्राच्या पायावर नव्याने केली आणि विलनचे आठ वर्ग संपले. पुढच्या पन्नास वर्षांत सूक्ष्मदर्शकाने कातडीच्या थरांतले बदल उघड केले. हँबुर्गच्या उन्नाचा त्वचेच्या विकृतिशास्त्रावरचा ग्रंथ 1894 चा. शब्दही वाढले. पॅरिसच्या ब्रोक आणि झाके यांनी 1891 साली सततच्या खाजवण्याने जाड, चिवट आणि रेघारेघांची झालेल्या कातडीला लायकेनिफिकेशन म्हटले. शब्द रोगाचा नाही, कातडीने घेतलेल्या रूपाचा आहे. म्हणूनच इसबापासून जुनाट खाजेपर्यंत कुठेही तो चालतो.

आजचा आक्षेप वेगळाच आहे, आणि तो आपल्याला जवळचा आहे. हे शब्द गोऱ्या कातडीवर घडले. विलनच्या व्याख्यांत लाली जागोजाग आहे. सावळ्या किंवा काळ्या कातडीवर हीच लाली जांभळट, तपकिरी किंवा नुसती गडद दिसते, आणि पुस्तकातला लाल रंग शोधणारा डॉक्टर ती हुकवतो. लंडनमधल्या मलोन मुक्वेंडे या विद्यार्थ्याने आपल्या शिक्षकांच्या सोबतीने 2020 साली काळ्या कातडीवरच्या खुणांची पुस्तिका काढली, तेव्हा ही उणीव जगाच्या नजरेत आली. भारतातल्या डॉक्टरांना ती रोजच भेटत होती. आक्षेप खरा आहे, पण तो साऱ्या शब्दांना सारखा लागत नाही. जे शब्द रंगावर उभे आहेत ते कातडीबरोबर डळमळतात. जे बोटावर उभे आहेत ते डळमळत नाहीत. पॅप्यूल नॉर्वेत आणि नागपुरात बोटाला सारखाच लागतो. कोड किंवा महारोगाचा फिका चट्टा तर सावळ्या कातडीवरच ठळक उठून दिसतो. तेव्हा दुरुस्ती हवी ती रंगाच्या शब्दांत, आणि ती करायची पद्धतही विलनचीच आहे: जे दिसते तेच लिहायचे. जांभळट दिसत असेल तर जांभळट लिहावे. पुस्तकात लाल आहे म्हणून लाल लिहू नये.

आणि चित्रांचे काय? शब्दांची कटकट चित्रांनी मिटेल, ही आशा जुनी आहे. विलनची रंगीत चित्रे, 1860 च्या दशकातले हाताने रंगवलेले फोटो, आणि सेंट लुई रुग्णालयात ज्यूल बारेताने केलेले मेणाचे साचे, सगळे याच आशेने झाले. बारेता मूळचा कागदाच्या लगद्याची फळे बनवणारा कारागीर. त्याच्या हातचे साचे पाहिले तर फोडातले पाणी हलेल की काय, असे वाटते. तिथल्या संग्रहालयात असे हजारो साचे आहेत. आज मोबाईलवर काढलेला फोटो संगणकाला दाखवून निदान मागता येते. पण फोटो त्या एका माणसाचा असतो. त्यात बोट घालून आत पाणी आहे की भरीव, हे कळत नाही. आणि दोन फोटो समान कशात आहेत, हे सांगायची वेळ आली की पुन्हा शब्दच लागतात. संगणकाला शिकवायचे फोटोही कोणीतरी आधी पाहून, नावे देऊन वेगळे केलेले असतात.

हे शब्द अजून पुरते स्थिर झालेले नाहीत, हेही खरे. पॅप्यूल कुठे संपतो आणि गाठ कुठे सुरू होते, याची सीमा काही पुस्तकांत अर्धा सेंटिमीटर आहे आणि काहींत एक. आंतरराष्ट्रीय त्वचारोग संघटनांच्या महासंघाने 1987 साली काढलेला शब्दकोश 2016 साली नव्याने करावा लागला. आणि 2022 साली मंकीपॉक्सची साथ अनेक देशांत पसरली, तेव्हा हे शब्द पुन्हा एकदा कामाला लागले. पुस्तकांत या रोगाचे वर्णन देवीसारखे होते: अंगभर पुरळ, एका टप्प्यावरच्या पुळ्या, पुवाने भरलेल्या. प्रत्यक्षात सोळा देशांतल्या पाचशे अठ्ठावीस रुग्णांच्या पाहणीत चौसष्ट टक्के रुग्णांच्या अंगावर दहाहूनही कमी पुळ्या होत्या आणि बऱ्याच जणांच्या त्या गुप्तांगाच्या आसपासच होत्या. स्पेनमधल्या त्वचारोगतज्ज्ञांना आणखी एक गोष्ट आढळली. या पांढुरक्या पुळ्या बाहेरून पुवाच्या वाटतात; त्या फोडून पाहिल्या तर आत पू नसतो, सगळे भरीव असते. मग पस्ट्यूल हा शब्द त्यांना लावता येईना. 185 रुग्णांच्या आपल्या अहवालात त्यांनी त्यांना स्यूडोपस्ट्यूल म्हटले, आणि त्या वर्षीच्या पुढच्या लेखांतून तो शब्द रूढ होऊ लागला.